जेवत्या हाताची वाट

नागपूरच्या पदभ्रमण मंडळाचा एक नियम असा होता, की नव्या वाटेची परीक्षा वाटाड्याविना व्हावी. वाट बोलकी असेल तर तिला दुभाषा लागत नाही आणि दुभाषा लागत असेल तर ती मंडळाच्या कामाची नाही, असे मंडळाचे कार्यवाह मुकुंदराव म्हणत. आयुष्यभर त्यांनी सरकारी कायद्यांची मुद्रिते तपासली होती. एक स्वल्पविराम सरकला तरी निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो, ही त्यांची श्रद्धा निवृत्तीनंतरही ढळली नव्हती.

पांढरझरीच्या भूमिका नावाच्या तरुणीला हा नियम ठाऊक होता. नागपूरपासून दीड तासावरचे हे गाव चुनखडीच्या टेकड्यांनी वेढलेले होते. पाण्याने कोरलेल्या अरुंद घळी, चवडीने रचलेल्या भाकरींसारखे दगडांचे थर आणि मध्येच पावलाखाली पोकळ वाजणारी जमीन, असा तो मुलूख. भूमिका नागपूरच्या मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला होती. तिथले सहकारी सुटीत डोंगर पाहायला कुठल्या कुठे जातात, हे ऐकून तिला वाटले, की आपल्या दारातले डोंगर तेवढे कोणी का पाहू नयेत? मंडळाने वाट पत्करली, तर होळीपर्यंत दर रविवारी गावात पाहुणे येणार होते. परंतु त्याहूनही तिला बदलायचे होते ते वडिलांचे मत. रुपरावांच्या लेखी जमीन दोनच प्रकारची, पिकणारी आणि उगीचची.

"जिथं तूर येत नाही, तिथं माणसं काहून येतीन?" ते विचारत.

"ते पेराले नाही येत बाबा, पाहाले येतात."

"काय पाहाले? गोटे?"

तरीही लेकीच्या शब्दाखातर त्यांनी महिनाभर खपून काटेरी झुडपे तोडली आणि जुन्या चुनाभट्टीपर्यंत सात किलोमीटरची वाट मोकळी केली. दगडांवर बाण काढण्याचे काम दोघांनी मिळून केले. भूमिकेची बस आठची, त्यामुळे हे काम नेहमी भल्या पहाटे होई. दवाने भिजून काळवंडलेल्या दगडांवर भट्टीच्या चुन्याचे बाण असे लख्ख उठून दिसत, की रुपराव स्वतःच मागे सरून ते न्याहाळीत. भर उन्हात ते बाण पाहण्याचा प्रसंग मात्र कोणावरच आला नाही.

जानेवारीतल्या रविवारी मंडळाचे बावीस सभासद आले. रुपरावांची पत्नी प्रयागबाई हिने सर्वांना चहा-पोहे दिले. सात वाजता मुकुंदराव आणि त्यांच्या पत्नी ताराबाई मंडळी घेऊन निघाले. भूमिका व रुपराव दुसऱ्या वाटेने भट्टीपाशी जाऊन थांबले.

पहिला तासभर बाणांनी चोख साथ दिली. मग ऊन वर आले, दव सुकले, दगड मूळच्या पांढऱ्या रंगावर आले आणि बाण एकेक करून दिसेनासे झाले. नऊच्या सुमारास मंडळी एका फाट्यावर येऊन ठेपली. समोर दोन घळी होत्या आणि खूण एकही नव्हती.

ताराबाईंनी खडक हाताने पुसला. तळव्याला पांढरे लागले. "घ्या! पांढऱ्यावर पांढरे! या बापलेकींनी आपल्याला चक्क चुना लावला!"

मंडळी खो-खो हसली. मुकुंदराव हसले नाहीत. त्यांनी मोबाइल काढला.

"अहो, वाटाड्याला विचारायचे नाही ना?"

"नियम वाटाड्याला सोबत घेऊ नये असे म्हणतो. त्याला विचारू नये असे म्हणत नाही."

"ही पळवाट झाली."

"ही व्याख्या झाली."

फोन भूमिकेला लागला, पण तिच्या हातून तो रुपरावांनी घेतला. "फाट्यावर आले का साहेब? मंग जेवत्या हाताले वळा!"

"जेवता हात म्हणजे नेमका कोणता?"

"काय बापा! तुमी ज्या हातानं जेवता, तो!"

एवढे बोलून होते न होते तोच रेंज गेली. मुकुंदराव डावखुरे होते. शाळेतल्या मास्तरांची छडी ज्या हाताला वळवू शकली नाही, तो हात त्यांनी आता वर केला आणि ते डाव्या घळीकडे निघाले.

"अहो, त्यांना उजवा म्हणायचे असेल!"

"उजवा म्हणायचे असते, तर मराठीत तो शब्द उपलब्ध होता. मी शंका विचारली, त्यांनी खुलासा केला. खुलाशानंतर शंका उरत नाही."

"आणि वाट चुकली तर?"

"तर ती त्यांची चुकेल. माझी नाही."

भट्टीपाशी साडेदहा वाजले, अकरा वाजले. घळीच्या तोंडातून एक घोरपड तेवढी बाहेर आली. भूमिकेचा चेहरा उतरला. वाटेवर माणसे हरवतात, हे एकदा मंडळात नोंदले गेले, की पांढरझरीचे नाव कायमचे पुसले जाणार होते. रुपराव घळीच्या तोंडाशी येरझारा घालत होते. लेकीचे म्हणणे खोटे ठरावे असे महिनाभर त्यांना वाटत आले होते, पण आता ते खोटे ठरत असताना त्यांनाच ते नको होते.

गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांची टोपली घेऊन प्रयागबाई आली. सगळी हकीकत ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"त्या साहेबानं सकाळी पोहे कोण्या हातानं खाल्ले, पाह्यलं होतं का तुमी?"

"कोण्या?"

"डाव्या! अन् तुमी त्याले म्हनता, जेवत्या हाताले वळ!"

रुपराव ताडकन उठले. "म्हणजे हे लोक बायांच्या खदानीत गेले? तिकडे त गडीमाणूस जातच नाही!"

"गेले आता. चाला."

डावी घळ एका प्रशस्त कपारीपाशी संपत होती. वर खडकाचे छत, खाली मऊ पांढऱ्या मातीची भिंत आणि त्या भिंतीत, जमिनीपासून हात पोहोचेल तेथवर, बोटांनी ओरबाडलेल्या शेकडो खोबणी. दरवर्षी दिवाळीच्या आधी घरे पोतारायला गावच्या बाया इथूनच माती नेत. घराघरांत डब्यातला रंग आला आणि ही वाट मोडली. भूमिकेने तिचे नुसते नाव ऐकले होते.

प्रयागबाई, भूमिका आणि रुपराव पोहोचले, तेव्हा बावीस शहाणीसुरती माणसे कोपरापर्यंत पांढरी झाली होती. कोणी खोबणींत बोटे घालून माप पाहत होते, कोणी भिंतीला कान लावून झिरपणारे पाणी ऐकत होते. ताराबाईंच्या कपाळावर पांढरा पट्टा होता.

"नवी सून आली का सासू तिले पहिले हितं आने," प्रयागबाई सांगू लागली. "तिची बोटं जिथं पडली, ती तिची जागा. जन्मभर मंग तिथूनच खोदाचं. दुसरीच्या जागेले हात लावला त भांडन!"

भूमिका मुकुंदरावांपुढे येऊन उभी राहिली. "काका, चूक आमची झाली. बाण चुन्यानं काढाले नको होते. तुम्हांला वाट नापास करायची असेल तर..."

"बाण नापासच," मुकुंदराव म्हणाले. "त्याविषयी दुमत नाही. पण वाट चुकली, हे विधान मला मान्य नाही. सूचना स्पष्ट होती, तिचे पालन तंतोतंत झाले आणि आम्ही इथे पोहोचलो. वाट मंडळाच्या यादीत जाईल. आधी ही घळ, मग फाट्यावर परतून भट्टी. मात्र बाण लाल रंगाचे."

"आणि हे स्वतःची चूक कधीच कबूल करत नाहीत, हेही यादीत लिहा," ताराबाई म्हणाल्या.

भूमिकेने आईला मिठी मारली आणि मग वडिलांकडे पाहिले. रुपराव कपारीच्या बाहेरच, उन्हात, अंग चोरून उभे होते.

"या ना अजी," प्रयागबाई म्हणाली. "नागपूरचे बारा गडी आत आले, तुमच्यानंच काय बाटते?"

रुपराव चप्पल बाहेर काढून आत आले. त्या भिंतीतल्या खोबणींवरून त्यांनी नजर फिरवली. "तीस वर्षं झाली लग्नाले. हे असं हाय म्हनून सांगतलं काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

"बरं. तुही जागा कोणती, ते त सांग."

"वळखा."

रुपरावांनी धोतराचा सोगा खोचला आणि पहिल्या खोबणीत बोटे घातली.

"नाही," प्रयागबाई म्हणाली.

दुसरी.

"नाही."

"जरा खाली पाहा भाऊ, वहिनी ठेंगण्या आहेत!" ताराबाई ओरडल्या. "अहो, घाबरता कशाला, उजवीकडे!" आणखी कोणी सुचवले. मग सारी कपारच बोलू लागली, वर, खाली, मागे, पुढे. रोडगे निवत चालले होते, भूमिका हसून हसून खाली बसली होती आणि पदराआड तोंड लपवलेली प्रयागबाई दर खेपेस मान हलवून म्हणत होती, "नाही. नाही वं माय, तेही नाही!"