उत्तरेची भिंत

टेकडीवरच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला पोट सुटलं होतं. प्रार्थनेला बसलेल्यांच्या खांद्यांवर पांढरा भुगा पडू लागला, तेव्हा फादरांनी ओळंब्याच्या थोरलीला बोलावणं धाडलं.

ओळंबा म्हणजे तिचे वडील. सरळ भिंतीसाठी अख्ख्या पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं, म्हणून गावानेच त्यांना भिंतीचा सरळपणा बघायच्या दोरीचं हे नाव दिलं होतं. थोरली त्यांच्याच हाताखाली गवंडीकाम शिकली. आता त्यांची बोटं आखडली होती आणि गावची कामं तीच बघायची.

तिने हातोडीने भिंत वाजवून पाहिली. आवाज पोकळ आला. छिन्नीने वीतभर गिलावा उडवला, तर आतला चारशे वर्षांचा दगड नखानेही खरवडून निघत होता. वर चढून तिने छताच्या तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक तपासलं. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"काय झालंय?" फादरांनी खालून विचारलं.

"बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे. भिंतीत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. आतल्या आत सगळं कुजलंय."

गिलावा कुणी केला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. चाळीस वर्षांपूर्वी ओळंब्यांनी तो एका महिन्यात उरकला होता, आणि गावाने त्यांचा सत्कार केला होता.

"भिंतीचं वय झालं, असं सांगू लोकांना," फादर हळूच म्हणाले.

घरी वडील खिडकीशी बसले होते. "काय म्हणते भिंत?"

"ओल धरलीये, बाबा."

"कुठून?"

"छतातून असेल."

"छतातून आली तर वरून खाली उतरेल. पोट कुठे आहे?"

"मधोमध."

"दगड ओला आहे की भुगा झालाय?"

तिने नखांतला पांढरा भुगा झटकला. वडिलांनी ते पाहिलं. म्हणाले, "माझ्या गिलाव्यामागे ना?"

तिने मान हलवली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते टेकडी चढले. तिने पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. भिंतीच्या उघड्या भागावर तळवा ठेवून ते उभे राहिले.

"माझ्या उस्तादांनी सांगितलं होतं, चुनाच वापर, भिंतीला श्वास घेऊ दे म्हणून. मी हसलो होतो त्यांना. म्हटलं, म्हातारा झालाय."

फादर लोकांना काय सांगणार, हे थोरलीने घरी सांगितलं होतं. रविवारी प्रार्थना संपली आणि फादर बोलायला उठणार, एवढ्यात वडीलच बाकाला धरून उभे राहिले. "भिंतीचं वय झालेलं नाही. ती मी खराब केली. गावाला चुना लावला असता तर बरं झालं असतं, पण मी सिमेंट लावलं."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वडील हसले नाहीत. ते खाली बसले. थोरलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. या वेळी त्यांनी तो बाजूला केला नाही.

काम वर्षभर चाललं. सुताराने तुळयांची कुजलेली टोकं कापून नवं लाकूड जोडलं. थोरलीने गिलावा फूट फूट करत उतरवला, सडलेले दगड बदलले. वडील रोज येऊन चुना मुरत घातलेल्या हौदापाशी बसत. चुना बोटांत चोळून "अजून नाही" म्हणत, आणि ते "हं" म्हणेपर्यंत ती हात लावत नसे.

शेवटचा पट्टा उरला तेव्हा त्यांनी थापी मागितली. तिने त्यांना परांचीच्या खालच्या फळीवर उभं केलं आणि मागून कमरेला धरलं. त्यांनी हातभर जागा लिंपली. बराच वेळ लागला. गिलावा कुठे जाड बसला, कुठे पातळ, आणि कडेला लाट आली. तिने ते पाहिलं.

"छान झालंय, बाबा. राहू दे असंच."

"डोळे गेलेत का तुझे?" ते म्हणाले. "काढ ते."

"लोकांना कळणार नाही."

"पाणी थांबेल तिथे. काढ, ओलं आहे तोवर."

त्यांना खाली अंगणातल्या बाकावर बसवून ती परत चढली. थापीची कड लावून तिने तो हातभर गिलावा खरवडला, घमेल्यात टाकला आणि नव्याने लिंपायला घेतला. मान वर करून वडील तिचा हात बघत राहिले.