पूर्वेच्या फाटकावरचा फोटो

जुनं फुटबॉल स्टेडियम जमीनदोस्त केल्यावर क्लबला त्याच्या इतिहासाचा उमाळा आला. नव्या इमारतीत लांबलचक दालन, भिंतीभर फोटो आणि फीत कापायला माझे बाबा! पूर्वेच्या फाटकावर त्यांची उभी हयात गेली, पण निवृत्त झाल्यापासून क्लबमधल्या कुणी त्यांना साधा चहासुद्धा विचारला नव्हता.

त्या फाटकाची एक रीत होती. सामना संपायला थोडा वेळ उरला की बाबा ते सताड उघडायचे. कंटाळलेले बाहेर पडायचे आणि तिकीट न परवडणारे फुकटात आत शिरायचे. माझा दादा या फुकट्यांचा म्होरक्या. फाटकवाल्याच्या पोराने तिकीट कशाला काढायचं?

एकदा हरत आलेल्या आपल्या संघाने शेवटी शेवटी गोल केला. बाहेर निघालेले लोक ओरडा ऐकून मागे फिरले, बाहेरचे आत घुसले आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत माणसं चिरडली. दादा त्यांतच गेला.

दालनात याचा उल्लेख औषधालाही नाही. त्या वर्षापुढे लिहिलंय, 'पूर्व बाजूचे नूतनीकरण'. वर त्याच दिवसाचा भिंतीएवढा फोटो, दाटलेली गर्दी, उंचावलेले हात. खाली मोठ्या अक्षरांत 'विजयाचा जल्लोष'. निर्लज्जपणालाही काही हद्द असते!

हाच फोटो पेपरातून कापून आमच्या घरी लावलेला आहे, तळहाताएवढा, पुसट. "हसत गेला माझा पोरगा," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मीही तेच मानत आले होते. आज तो चेहरा मोठा होऊन समोर आला. दादाचं तोंड उघडं होतं, पण त्यात हसू नव्हतं. तो श्वासासाठी तडफडत होता. त्या गर्दीत मैदानाकडे कुणीच बघत नव्हतं. ते हात 'वर ओढा' म्हणत होते.

माझं डोकं सणकलं. क्लबचे सचिव माइकवरून बाबांचं तोंडभरून कौतुक करत होते. माइक हिसकावून तो जल्लोष त्यांच्याच घशात घालायचा, म्हणून मी निघाले, तर आईने माझा दंड धरला.

"कुठे निघालीस?"

"आई, तो फोटो नीट बघ. दादा..."

"बघितलाय."

"कधी?"

"पेपरात आला त्याच दिवशी. मी आई आहे त्याची. मला काय सांगतेस?"

"आणि इतकी वर्षं तू गप्प बसलीस?"

"फाटक कुणी उघडलं होतं गं?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "तुझे बाबा जीव द्यायला निघाले होते. मीच तो फोटो कापून त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, बघा, कसा हसतोय. आता जा, सांग जा त्यांना."

तिने दंड सोडला. मी जागची हलले नाही. क्लबला आपली अब्रू वाचवायची होती, आईला आपला नवरा, आणि दोघांना एकच खोटं पुरलं होतं. मला क्लबची चीड आली, आईची आली, सगळ्यात जास्त माझीच आली.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "काका, त्या चित्रासमोर उभे राहा! घरचे पण या! आणि सगळ्यांनी तसेच हात वर करा, जोरात!"

बाबांनी हात उंच केले. "असेच ना गं?" त्यांनी हसून मला विचारलं.

"हो, बाबा. असेच," मी म्हणाले आणि माझेही हात वर केले.