दाराची बंदूक

"लोहारबुवा, उडवा एकदाची! साहेब घड्याळ बघतोय," हरिहरपंत कारकून कानाशी कुजबुजले.

ठाण्याच्या खाडीकाठी गुणाजी घामाघूम झाला होता. बंदुकीचं काडतूस घालायचं मागचं दार लागत नव्हतं. सरकारी बंदुकीचं दार शिपायाला प्रत्येक बार उडवल्यावर हाताने उघडावं लागे. गुणाजीच्या बंदुकीचं दार बार उडाल्याच्या धक्क्यानेच उघडायचं. कल्याणच्या भट्टीत त्याने तिच्यापायी उमेदीची सगळी वर्षं जाळली होती. तपासायला आलेल्या गोऱ्या साहेबाला पसंत पडली तर ती पुण्याला पलटणीत जाणार होती. नाहीतर मोडायची, कारण बिनपरवान्याचं हत्यार घरात ठेवायला कायद्याची मनाई होती.

"जरा दम धरा म्हनावं, पंत! परवापत्तुर लोण्यावानी चालत होती वो!"

पण साहेब केव्हाच बग्गीकडे वळला होता. धुरळा खाली बसला, तेव्हा गुणाजीला दाराच्या खाचेत काहीतरी लाल दिसलं. त्याने नखाने उकरलं. कुंकू लावलेला तांदळाचा दाणा.

खंडेनवमीला त्याच्या बायकोने, हौसाबाईने, बंदूक पाटावर मांडून मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. पूजेचं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, म्हणून गुणाजीनेही ते उघडून पाहिलं नाही. आज पहाटे तसंच गोणपाटात गुंडाळून तो गाडीत बसला होता. हातातोंडाशी आलेला घास एका दाण्याने हिरावला. रडावं की हसावं, त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या शिपायासमोर त्याने स्वतःच्या घणाने बंदूक मोडली. हौसाबाई दारात उभी होती.

"असं काय बिघडलं वो?"

"माजंच काम कच्चं निघालं," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर तो विळे-कोयतेच करत राहिला. लोक म्हणत, गुणाजीच्या हातातली कला गेली. वर्षाने खंडेनवमी आली. पाट रिकामा होता; गुणाजीने तोच घण आणून त्यावर ठेवला.

"मागल्या वर्सी माज्याच पूजेत कमी पडलं आसंल," हौसाबाई डोळे पुसत म्हणाली, आणि तिने ओंजळ भरून अक्षता वाहिल्या.

दाणे घणावरून घरंगळत जमिनीवर सांडले. गुणाजीने हात जोडले, आणि मग एकेक दाणा वेचून तिच्या ओंजळीत परत ठेवला.