डावं मागचं चाक

हिरव्या दांडीवरच्या अस्वलाचा चेहरा काळा पडला होता, एक कान तेवढा उरला होता... आणि चैत्रालीचा अंगठा त्या कानावरून उगाचच फिरत राहिला. लेकीचा, आभाचा, दात घासायचा पहिला ब्रश. टाकायचा म्हणून बाजूला ठेवलेला, तो निनादने परस्पर चाकाच्या आऱ्यांमधली घाण काढायला घेतला होता—इतका बारीक ब्रश बाजारात मिळत नाही म्हणाला, आणि ते खरंही असेल. ब्रेक झिजून उडणारी काळी पूड चाकाच्या आतून अशी चिकटते की बोटाने निघत नाही, नखाने निघत नाही. गेले तीन रविवार चैत्राली ती घासत होती. निनादला वाटायचं, तिला हे आवडायला लागलंय. तिला एवढंच हवं होतं, की आपण इथे असावं... गाडीच्या आणि आभाच्या मधे कुठेतरी.

म्हैसूरला, सरस्वतीपुरममधल्या जगन्नाथरावांच्या घरात वरच्या मजल्यावर ते भाड्याने राहत. खाली पोर्चमध्ये ती लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी गाडी. जयलक्ष्मीपुरममधल्या कुणाकडून तरी जुनी घेतलेली, पण निनादच्या डोळ्यांत अजून कोरी. चारी चाकं काढून तिला लोखंडी घोड्यांवर चढवली की ती एकदम केविलवाणी दिसे, ऑपरेशनच्या टेबलावर झोपवलेल्या माणसासारखी, ज्याचा रुबाब कपड्यांबरोबर खुंटीला टांगून ठेवलाय.

सकाळी निनादने चाकांवर ती काळी पूड सुटायचं औषध फवारलं तेव्हा जांभळे ओघळ खाली उतरायला लागले. लोखंडाच्या पुडीला लागलं की त्याचा रंग बदलतो, हे त्याने पहिल्याच दिवशी समजावलं होतं. दोन वर्षांची आभा "ज्यूस" म्हणत हात पुढे करून निघाली. निनाद तिच्या अगदी जवळ होता, उचलणारच होता, पण त्याआधीच चैत्रालीच्या तोंडून निघून गेलं, "निनाद, ते तिच्या डोळ्यात जाईल."

"आजची झाली हं," तो म्हणाला. हसूनच म्हणाला.

दिवसाला एक. हा नियम फिरकीनंतरचा. जानेवारीत तिच्या कानातल्याची फिरकी सापडेना, आणि आभाने ती गिळली असं तिने ठामपणे सांगितलं. मी तिला गिळताना पाहिलं, असंही ती डॉक्टरांना म्हणाली, आणि म्हणताना ते तिला खरोखर दिसत होतं—ती जीभ, तो घोट... एक्स-रेमध्ये काही नव्हतं. फिरकी चार दिवसांनी उशीच्या अभ्र्यात निघाली. निनाद ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित बरं झालं असतं. त्याने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, आपण असं करू, चैतू. दिवसाला एक भीती मोठ्याने सांगायची, ती मी ऐकणार, अगदी पूर्ण ऐकणार. बाकीच्या वहीत लिहायच्या. नियम चांगला होता, हीच तर पंचाईत होती. कुणापाशी गाऱ्हाणं करावं असं त्यात काहीच नव्हतं.

दुपारी चाकं पुन्हा चढली. पद्धत अशी, की गाडी घोड्यांवर असताना नट हाताने बसवायचे, मग ती जमिनीवर उतरवायची, आणि मग लांब पान्याने समोरासमोरचे नट आवळत जायचं. पुरेसा आवळला की पाना टक् वाजतो. एका चाकाला पाच. पायरीवर बसून आभाला दहीभात भरवता भरवता चैत्राली मोजत होती. न मोजणं तिला जमलंच नसतं. पाच... दहा... पंधरा.

तेवढ्यात जगन्नाथराव बाहेर आले. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते, आणि घरातली मराठी तेव्हापासून कानडीच्या सोबतीने नांदत होती.

"नोडी, बघा निनादराव, दर आदितवारी गाडीला न्हाऊ घालता. बायकोला बसवून फिरवता कधी?"

"आज नेतोय की, काका. रिंग रोडवर एक चक्कर."

"मग आधी ती इन्व्हर्टरची बॅटरी तेवढी सरकवू लागा. अय्यो, माझी कंबर गेली तिच्यापायी."

निनाद आत गेला, परत आला. आभाने भात थुंकला, रडायला लागली, चैत्राली तिची हनुवटी पुसत राहिली... आणि मान वर केली तर तो नळावर हात धूत होता. पाना जमिनीवर आडवा पडला होता.

पंधरा. की वीस? राहिलं असेल तर ते डावं मागचं. नेमकं त्याच्याच वर, मागच्या चिमुकल्या सीटवर, आभाची खुर्ची बांधलेली. रडण्यात पाच आवाज बुडाले असतील. मी ऐकले नाहीत म्हणजे ते वाजलेच नाहीत असं थोडंच आहे... पण मला ऐकू आले असते. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर मला दुसऱ्या खोलीत कळतं. आणि फिरकी? तीसुद्धा मी पाहिलीच होती की.

"निनाद, सगळे आवळून झाले?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता. काउंटरपलीकडचा माणूस आपलं बोलणं संपायची वाट पाहतो, तसा तो सभ्यपणे थांबला.

"वहीत लिही ना," तो हळूच म्हणाला. मग तिला बरं वाटावं म्हणून, "झालंय गं. दर वेळी करतो ना मी?" आणि आभाचे कपडे बदलायला तिला घेऊन वर गेला.

दर वेळी करतो. तिने आजचं विचारलं होतं.

तिने पाना उचलला. वाटला होता त्याहून जड.

"बेडा गं पोरी," जगन्नाथराव खुर्चीतून म्हणाले, "राहू दे. त्याचं तो बघेल."

"नुसतं बघतेय, काका."

पहिल्या नटावर तिने भार टाकला. टक्. नट जागचा हललासुद्धा नाही. त्याच्या समोरचा... टक्. म्हणजे झालेलं होतं. म्हणजे पाच आवाज वाजले होते आणि तिने ऐकले नव्हते. आता छातीतून तो मोठा श्वास सुटायला हवा होता. तिने त्याची वाटही पाहिली. तिसरा. टक्. आत काहीतरी एकेक पायरी खाली उतरत होतं, आणि ते सुटकेसारखं नव्हतं. रिकाम्या पत्रपेटीत हात घातल्यासारखं होतं. चौथ्या नटावर पाना बसवताना तिच्या लक्षात आलं, की आपले हात काय मागताहेत. नट फिरावा. बोटभर, अर्धा बोट तरी फिरावा. म्हणजे हाक मारता येईल, म्हणजे तो इथे उकिडवा बसेल, स्वतःच्या हाताने पाहील आणि त्याचा चेहरा पांढरा पडेल. आणि मग तो पुन्हा कधीही तसं सभ्यपणे थांबणार नाही. टक्.

वर आभा खिदळत होती. निनाद तिला चालीवर काहीतरी म्हणून दाखवत होता, मोजे घालताना तो नेहमी म्हणतो तसं. त्याची पावलं जिन्याकडे निघाली.

पाना पाचव्या नटावर बसला होता. पोरीच्या बसायच्या जागेखालचं चाक ढिलं निघावं, असं चैत्राली मागत होती; भीत नव्हती, मागत होती... हे कधीपासून? जानेवारीत डॉक्टरांसमोरसुद्धा का? जिन्यावर चपला वाजू लागल्या. पान्याच्या दांड्यावरचे हात दाबायचे की काढायचे हे तिला कळत नव्हतं.