थंडी पडली की बसवणे

“लोक माझ्याकडे येतात ते गाडी तापते म्हणून. तुमची तापत नाही म्हणता, मग तक्रार कसली?” मिस्त्रींनी बॉनेट उचलता उचलता विचारलं.

“तक्रार नाहीये माझी. कुतूहल आहे,” सिस्टर म्हणाली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने त्यांच्या नाकासमोर धरला.

तो चक्क तापाचा तक्ता होता. इस्पितळात खाटेच्या पायाशी लटकवतात तसा, चौकटी आखलेला. फक्त पेशंटच्या नावाच्या जागी गाडीचा नंबर होता. वर चढावरच्या दवाखान्यात ती नर्स होती, आणि गेले दहा दिवस रोज सकाळी घरून निघताना, चढ चढून गेल्यावर आणि संध्याकाळी उतार उतरल्यावर इंजिनाच्या तापमानाचा काटा कुठे होता ते तिने टिपून ठेवलं होतं. चढावर काटा जेमतेम एक रेघ हलायचा. उतारावर परत तळाला जाऊन बसायचा.

पस्तीस वर्षांत मिस्त्रींनी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. ‘कसलासा आवाज येतो बुवा, पण आत्ता येत नाहीये’ यापलीकडे कुणाची मजल गेली नव्हती. तक्ता घेऊन येणारी ही पहिलीच. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि कागद दोनदा वाचला. खरं सांगायचं तर त्यांना मजा वाटायला लागली होती.

“काटाच खोटं बोलत असेल,” ते म्हणाले.

“मलाही आधी तसंच वाटलं. पण हीटर लावला तरी गार वारा येतो. सकाळी धुक्यात काच पुसत पुसत जावं लागतं. एका हातात स्टिअरिंग, एका हातात फडकं. आणि पेट्रोल म्हणाल तर नुसती ढोसते.”

“कधी घेतलीत?”

“महिना झाला. जुनीच आहे. खालच्या गावातल्या एका रिटायर्ड मास्तरांकडून घेतली. त्यांनी फार जपली होती हो, पण त्यांचा मेकॅनिक गेला, तेव्हापासून गाडीला कुणी हात लावला नव्हता म्हणे.”

खालच्या गावाचं नाव निघालं की मिस्त्री एरवी विषय बदलत. आज इंजिनात डोकं असल्यामुळे त्यांनी ते कानाआड केलं.

“इकडे या. तुम्हाला दाखवतो,” ते म्हणाले. “गाडी कालपासून इथेच उभी, म्हणजे इंजिन गारच आहे. चालू करा. आता हा वरचा जाड पाइप. यावर हात ठेवा.”

सिस्टरने हात ठेवला. नाडी बघावी तशी ती मनगटावरच्या घड्याळाकडेही बघत होती.

“इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये एक दरवान असतो. थर्मोस्टॅट. इंजिन पुरतं तापेपर्यंत तो पाण्याला रेडिएटरकडे सोडत नाही. म्हणजे हा पाइप बराच वेळ थंडगार राहायला हवा, आणि मग एकदम चटका बसायला हवा. काय लागतंय हाताला?”

“कोमट. दीड मिनिटच झालंय, पण कोमट लागतंय. हळूहळू वाढतंय.”

“मग दरवान झोपलाय, नाहीतर पळालाय. पहिल्या मिनिटापासून दार सताड उघडं. इंजिन बिचारं कुडकुडतंय.”

“ताप नाही म्हणून सगळं ठीक आहे असं नसतंच,” सिस्टर म्हणाली. “आमच्याकडे अंग गार पडलेला पेशंट आला की आम्ही जास्त धावतो.”

हे मिस्त्रींना इतकं पटलं की त्यांनी दुसरी दोन कामं बाजूला सारली. थोडं पाणी काढून घेतलं. ते निघालं गढूळ, तांबूस. मग दोन नट सोडवून पाइपाच्या तोंडावरचं झाकण त्यांनी पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून मोकळं केलं आणि आत बोट घातलं.

थर्मोस्टॅट नव्हताच. त्याच्या जागी नुसती पितळेची कडी होती. कुठल्यातरी जुन्या थर्मोस्टॅटचं पोट काढून टाकून उरलेली. असला उद्योग करणारे मेकॅनिक पुष्कळ असतात, पण ते छिन्नीने दोन घाव घालून मोकळे होतात, कडा तशाच धारदार राहतात. ही कडी आतून बाहेरून पॉलिश पेपरने घासलेली होती. वरच्या अंगाला एक बारीक खाच होती, बसवताना वरची बाजू कळावी म्हणून.

मिस्त्रींनी कडी फडक्याने पुसली. पुन्हा पुसली. पुसण्यासारखं तिच्यावर काही उरलं नव्हतं, तरी ते पुसत राहिले.

“काय झालं?” सिस्टरने विचारलं.

“काही नाही. काम ओळखीचं वाटतंय.”

सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. बायकोसुद्धा. दादा म्हणणारा एकच होता, धाकटा भाऊ. या गॅरेजात दोघांनी मिळून अठरा वर्षं काढली होती. धाकट्याची एक खोड होती. उन्हाळ्यात एखादी गाडी तापायला लागली आणि रेडिएटर खोलण्याइतका गिऱ्हाइकाला दम नसला, की तो थर्मोस्टॅट काढून अशी पोकळ कडी घालायचा. पाणी मोकळं खेळायचं, गाडी गार, गिऱ्हाईक खूश. मिस्त्रींना ते अजिबात पसंत नव्हतं. दुखणं रेडिएटरचं आणि कापाकापी भलतीकडेच, असं म्हणून ते त्याच्या मागे लागायचे.

बारा वर्षांपूर्वी एक टॅक्सी आली. अख्खा हिवाळा गार चालून चालून तिचं इंजिन कामातून गेलं होतं. आत तीच कडी. टॅक्सीवाल्यादेखत, आणखी चार माणसांदेखत मिस्त्रींनी भावाला धारेवर धरलं. धाकटा शांतपणे म्हणाला होता, “दादा, मी याला सांगितलं होतं, थंडी पडली की येऊन बसवून घे. याचा थर्मोस्टॅट गाडीतच ठेवलाय, जॅकच्या खाली. मी प्रत्येकाचा ठेवतो. जाऊन बघ ना.” टॅक्सीवाला म्हणाला, मला काही बोलला नाही हा. मिस्त्रींनी टॅक्सीवाल्याचं ऐकलं. “खोटारडा,” ते म्हणाले होते. टॅक्सी दहा पावलांवर उभी होती.

ते बघायला गेले नाहीत. धाकट्याने त्याच दुपारी आपले पाने गोळा केले आणि खालच्या गावात वेगळं गॅरेज टाकलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गेल्या पावसाळ्यात तो गेल्याचा निरोप आला, तेव्हा मिस्त्री जाऊन चार लोकांत उभे राहिले आणि परत आले.

“तुमचा जॅक कुठे असतो?” मिस्त्रींनी विचारलं.

“डिकीत, स्टेपनीच्या खाली. मी अजून काढलाच नाहीये. का?”

“बघतो जरा.”

बॉनेटपासून डिकीपर्यंत गाडीची लांबी ती केवढी, पण मिस्त्रींना वाटेत थांबावं लागलं. जॅकखाली काही नसलं तर बारा वर्षं आपलंच खरं होतं, आणि उरलेली वर्षंही निभावून जातील. असलं तर? क्षणभर त्यांना वाटलं, नवीन थर्मोस्टॅट आणावा, बसवावा आणि विषय संपवावा. सिस्टर एव्हाना डिकी उघडून स्टेपनीला भिडली होती. कुतूहल तिला स्वस्थ बसू देत नव्हतं.

“थांबा,” मिस्त्री म्हणाले. “मी काढतो.”

स्टेपनी बाहेर आली. जॅक बाहेर आला. त्याच्या खालच्या खड्ड्यात, खडखडू नये म्हणून रबराच्या तुकड्यात पाचर मारल्यासारखा बसवलेला पत्र्याचा गोल डबा होता.

आत ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेला थर्मोस्टॅट होता. कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलेलं, भोकं पाडून तयार ठेवलेलं, झाकणाखाली घालायचं पॅकिंग होतं. आणि कागदाच्या चिठोऱ्यावर मोठ्या, तिरप्या अक्षरांत लिहिलं होतं: थंडी पडली की बसवणे. पाण्यात घालून तपासलेला आहे.

यंदाची थंडी पडायच्या आधीच लिहिणारा गेला होता.

मिस्त्री उलट्या ठेवलेल्या टायरवर बसले. त्यांना लाज वाटली, आणि ती सिस्टरपासून लपवावी इतकंही त्राण त्यांच्यात नव्हतं.

“अक्षर ओळखीचं आहे?” तिने हळूच विचारलं.

“भावाचं.”

“मास्तरांचे ते गेलेले मेकॅनिक म्हणजे...”

“हं. चुकत होता तो. अजूनही म्हणतो, रेडिएटर साफ करायला हवा होता. पण खोटं बोलत नव्हता. एवढंच बघायचं होतं मला, आणि तेही दहा पावलांवर होतं.”

समजूत कधी घालायची नसते हे सिस्टरला दवाखान्याने शिकवलं असावं. तिने नुसतं विचारलं, “चालत असेल का हो तो अजून?”

हा प्रश्न बरा होता. त्याला उत्तर होतं. मिस्त्री उठले, चहाच्या पातेल्यात पाणी घेऊन स्टोव्हवर ठेवलं, थर्मोस्टॅटला दोरा बांधून आत सोडला. सिस्टरने सवयीने पर्समधून थर्मामीटर काढला आणि मिस्त्रींनी हात जोडले, “ठेवा तो आत. फुटेल. आमच्या पेशंटला ऐंशीच्या पुढे ताप लागतो.”

दोघं पातेल्यावर वाकून उभे राहिले. तळाशी बुडबुडे धरले, वाफ चष्म्यावर आली. थर्मोस्टॅट ढिम्म.

“गेला वाटतं,” सिस्टर म्हणाली.

“थांबा. घाई नाही करायची,” मिस्त्री म्हणाले. हे त्यांनी जरा मोठ्यानेच म्हटलं.

आणि मधली चकती हलली. आधी केसाएवढी फट पडली, मग बोटभर वर उचलली गेली. दोरा ओढून बाहेर काढल्यावर ती तितक्याच सावकाश मिटली. त्यांनी तीनदा करून पाहिलं. खरं म्हणजे एकदा पुरलं असतं.

पॅकिंग त्यांनी भावाने कापलेलंच वापरलं. भोकं नटांना तंतोतंत जुळली. झाकण बसलं, पाणी भरलं, आणि दोघं गाडी घेऊन चढावर एक चक्कर मारून आले. काटा चढत चढत मध्यावर आला आणि उतारावरही तिथेच राहिला. हीटरमधून ऊन वारा आला तशी सिस्टर लहान मुलीसारखी हसली आणि तिने गाडी बाजूला घेऊन तक्त्यात अकरावी नोंद केली.

“येत्या महिन्यात आणा, रेडिएटर साफ करून देतो,” उतरताना मिस्त्री म्हणाले. “म्हणजे उन्हाळ्यात तापायची नाही.”

“मग या कडीचं काय करायचं? टाकून देऊ?”

“नको.”

त्यांनी कडी ग्रीसच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. चिठोरा हातात घेतला, सिस्टरचं पेन मागितलं, आणि तिरप्या अक्षरांच्या खाली लिहिलं: बसवला. चालतो आहे.

पेन परत देता देता ते थांबले. त्यांनी कागद पुन्हा बॉनेटवर टेकवला, खाली एक शब्द लिहिला, ‘दादा’, आणि डबा जॅकच्या खाली होता तसा बसवून ठेवला.