ओढ्यापलीकडची माणसं

थर्झा ब्रुकच्या पायाला त्या वसंतात भिंगरी लागली होती. चहा ओतायची आणि न पिताच उठायची. कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून बाहेर पडायची ती थेट ओढ्यावरच्या पुलापर्यंत जायची, कठड्याला हात लावून परत फिरायची, आणि दारात आल्यावर तिच्या लक्षात यायचं की दाण्यांचं भांडं अजून हातातच आहे.

कारणही तसंच होतं. ज्या घरात ती जन्मली आणि जिथे तिचे आईबाप गेले, ते घर भाड्याचं. जुना मालक होता तोवर कुणी काही बोललं नाही. तो गेला आणि त्याच्या लंडनमधल्या मुलाचं गोड भाषेतलं पत्र आलं, की सप्टेंबरअखेर घर रिकामं करावं, आम्हाला विकायचं आहे. एकाहत्तराव्या वर्षी बाईने जायचं कुठे? प्लिमथला भाची होती. ती म्हणाली, "आत्या, ये की इकडे. सोफा उघडला की पलंग होतो." थर्झाने बरं म्हणून फोन ठेवला आणि खिडकीतून कोंबड्यांकडे बघत राहिली. भाचीचा जिव्हाळा खरा होता, पण तो सोफा डोळ्यांपुढे आला की ती उठून पुलाकडे चालू लागायची.

दुसरी वाट एकच होती. ओढ्याच्या अलीकडे, आमच्या चॅडकोमच्या चर्चला लागून, चार बुटकी दगडी घरं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी कुणा विधवेने गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी बांधून ठेवलेली. भाडं नावापुरतं, मागे भाजीचा वाफा, पुढे उन्हात बसायला बाक. हिवाळ्यात पर्सी व्हेन गेला आणि तिसरं घर रिकामं झालं. पण त्या विधवेने मरताना अट घालून ठेवली होती. राहणारा माणूस चॅडकोमच्या हद्दीत जन्मलेला हवा, नाहीतर बापाकडचा त्याचा एखादा पूर्वज तरी.

आणि थर्झाचं घर ओढ्याच्या पलीकडे. तिकडची हद्द स्टोकबॅरोची.

पलीकडे म्हणजे काय परदेशात नव्हे. तिच्या स्वयंपाकघरातून चॅडकोमच्या चर्चचं घड्याळ दिसायचं. ती शिकली आमच्या शाळेत, पुढे जन्मभर त्याच शाळेच्या मुदपाकखान्यात मुलांना बटाटे वाढले, गावातल्या प्रत्येक मयताला चहा केला. तरी विषय निघाला की आम्ही म्हणणार, "थर्झा ना, ओढ्यापलीकडची." प्रेमाने म्हणणार, आणि त्याचाच तिला जास्त राग यायचा. रागाने म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

ब्रुकांचा मूळ पुरुष मोझेस, दोनशे वर्षांपूर्वीचा. घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले की तो ओढ्याकाठच्या लव्हाळ्यात सापडला, म्हणून बायबलातल्या लव्हाळ्यातल्या बाळाचं नाव मोझेस आणि ओढ्यावरून आडनाव ब्रुक. पण कुठल्या काठाच्या लव्हाळ्यात, हे कुणी सांगितलं नाही. शाळेत पोरं तिला चिडवायची, "थर्झा, तुझा आजोबा डावा की उजवा?" तेव्हा ती हसण्यावारी न्यायची. आता त्याच प्रश्नावर तिचं छप्पर टांगलेलं होतं.

मार्चपासून ती बसने एक्सेटरच्या दप्तरखान्यात खेपा घालू लागली. चॅडकोमच्या बाप्तिस्म्याच्या वह्या तिने पानन्‌पान पाहिल्या. व्हेन सापडले, पाइक सापडले, हॅनफर्ड तर ढिगाने सापडले, मोझेस काही सापडेना. मग नाइलाजाने तिने स्टोकबॅरोची वही मागवली, आणि तिथे तो पहिल्या तासातच समोर आला. 'मोझेस, अनोळखी बाईचा बेवारस मुलगा.' सालही जुळत होतं, महिना फेब्रुवारीचा. थर्झाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. अक्षरं तीच राहिली.

त्या संध्याकाळी ती मेव्हिसकडे गेली. मेव्हिस म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, त्या चार घरांतल्या दुसऱ्या घरात राहते.

"कुणाला सांगितलंस?" मेव्हिसने विचारलं.

"तुला."

"मग झालं तर. मी मेले तरी बोलणार नाही. सापडलं नाही म्हण. संशयाचा फायदा देतील."

"आणि मग रोज सकाळी या बाकावर बसून तुझं तोंड बघायचं आणि आठवायचं, की आपण खोटं बोलून इथे आलोय?"

"माझं तोंड बघायची शिक्षा वेगळी गं, ती धरू नकोस," मेव्हिस म्हणाली आणि तिच्या बशीत केकचा तुकडा सरकवला. थर्झाने तो कुस्करला, खाल्ला नाही.

मे महिन्यात आमच्याकडे हद्दीची फेरी असते. पाद्रीबाई पुढे, मागे सगळं गाव, प्रत्येकाच्या हातात वाळुंजीची ओली छडी. गावाच्या शिवेवरच्या एकेका दगडापाशी थांबायचं, प्रार्थना म्हणायची आणि दगडाला छड्या मारायच्या, म्हणजे आपली हद्द कुठवर ते विसरायला नको. थर्झा हद्दीबाहेरची, तरी लहानपणापासून फेरीला यायची. कुणी हटकलं नाही.

ओढ्याच्या दगडापाशी जेराल्ड हॅनफर्ड तिच्या शेजारी आला. मोठा शेतकरी, चर्चचा कारभारी आणि त्या घरांच्या विश्वस्तांचा अध्यक्ष. शाळेत थर्झाच्या डब्यातली अर्धी पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याची करंजी, हाच खायचा.

"काय गं, लागला का तुझ्या मोझेसचा पत्ता?"

चार माणसांनी कान टवकारले. मेव्हिसने मागून तिच्या कोटाची बाही ओढली.

"लागला," थर्झा म्हणाली. "स्टोकबॅरोच्या वहीत."

जेराल्डचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. त्याने टोपी मागे सारून कपाळ पुसलं. "अरेरे. थर्झा, मला खरंच वाईट वाटतं. पण माझे हात बांधलेत. आज तुझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या कुणीही येईल. आणि हॅनफर्डांनी तो वाकवायचा? या गावच्या गरिबांचा कारभार पिढ्यानपिढ्या आम्ही बघितलाय. चर्चमधली पाटी वाच, जॉन हॅनफर्डचं नाव सगळ्यात वर आहे. गरिबांच्या नावाने एक पेनी खर्च झाली तरी लिहून ठेवायचा तो."

थर्झाची छडी वरच्या वर थांबली.

"लिहून ठेवायचा?"

"म्हणजे काय. पै न्‌ पै."

"ते कुठे असतं आता?"

"असेल तुझ्या त्या एक्सेटरला. त्यात काय बघायचंय? कुणाला बूट दिले, कुणाला सरपण दिलं. कोण वाचतंय ते."

थर्झाने दगडाला छडी मारली. जरा जोरातच मारली, छडी मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसला ती पहिली. बाप्तिस्मा म्हणजे पोराच्या डोक्यावर पाणी कुठे पडलं एवढंच, ते जन्मलं कुठे हे नव्हे. हा साधा विचार आपल्याला इतके दिवस का सुचला नाही म्हणून ती वाटभर स्वतःला शिव्या घालत होती. त्या काळी बापाविना पोर ज्या गावच्या हद्दीत जन्मेल, त्या गावाने त्याला पोसायचं, असा कायदा होता. त्यामुळे दिवस भरलेली परकी बाई शिवेत दिसली की गाव तिला हद्दीबाहेर काढायच्या मागे लागायचं. हे थर्झाला ठाऊक होतं. ते आपल्या घराला लावून बघायचं मात्र राहून गेलं होतं.

जॉन हॅनफर्डचं अक्षर सुरेख होतं. त्या फेब्रुवारीचं पान काढायला फार वेळ लागला नाही. एकाच तारखेखाली, एकाखाली एक, ओळी होत्या.

'गिरणीच्या कोठारात भटक्या बाईचं बाळंतपण केल्याबद्दल, सुईण पाइक हिला.'

'ती बाई व पोर यांना ओढ्यापलीकडे नेऊन सोडण्यास, माझी गाडी व दोन माणसं.'

'माणसांना बियर.'

'बाईच्या अंगावर घालण्यास कांबळं. परत आणलं.'

गिरणी ओढ्याच्या अलीकडची. अजून तिच्या भिंती उभ्या आहेत, पोरं तिथे लपाछपी खेळतात. मोझेस चॅडकोमचा होता. थर्झाला घर मिळालं होतं, निदान कागदावर तरी. तिने खुशीने उडीच मारायला हवी होती. पण शेवटच्या ओळीवरून तिची नजर हलेना. ओली बाळंतीण, फेब्रुवारीची थंडी, उघडी गाडी. आणि पलीकडच्या काठावर उतरवल्यावर कुणीतरी हात घालून तिच्या अंगावरचं कांबळं ओढून घेतलं, नीट घडी केली आणि घरी आणलं. शिवाय तसं लिहूनही ठेवलं, कारण माणूस हिशेबाचा पक्का.

तिने स्टोकबॅरोची दफनाची वही मागवली. मोझेसच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशीची नोंद होती. 'एक परकी बाई. नाव माहीत नाही.'

बसच्या थांब्यावर थर्झाला बसवेना. फेऱ्या घालता घालता समोरून तिची बस निघून गेली तेही तिला कळलं नाही. तिच्या अंगाची आग आग होत होती. जन्मभर ती मोझेसची गोष्ट हसत ऐकत आणि सांगत आली. लव्हाळ्यातलं बाळ, कसं छान. त्या बाळाला आई होती, हे तिच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्याही नाही.

विश्वस्तांची बैठक जूनमध्ये चर्चच्या मागच्या खोलीत भरली. जेराल्ड, पाद्रीबाई आणि निवृत्त डॉक्टर. थर्झाला खुर्ची दिली, ती बसली नाही. पानाची झेरॉक्स तिने जेराल्डपुढे ठेवली.

"वाच."

"काय आहे हे?"

"तुझ्या आजोबाच्या आजोबाच्या कुणाचं तरी अक्षर आहे. मोठ्याने वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

जेराल्डने चष्मा लावला. सुईणीची ओळ वाचली आणि मान वर करून म्हणाला, "गिरणीत? अगं, म्हणजे तर तो इकडचाच. जिंकलीस की तू." त्याला मनापासून आनंद झाला होता.

"पुढे वाच."

त्याने गाडीची ओळ वाचली. 'माझी गाडी' म्हणताना आवाज खाली गेला. बियरची ओळ तो भराभर वाचून गेला. "बाईच्या अंगावर घालण्यास कांबळं," इथवर आला आणि त्याने चष्मा काढला.

"पुढे?" पाद्रीबाईंनी विचारलं.

"परत आणलं," थर्झा म्हणाली. "ती चार दिवसांत गेली. स्टोकबॅरोने पुरली. नाव कुणी विचारलं नाही, तिकडेही नाही आणि इकडेही नाही."

जेराल्ड कागदाची कड बोटाने दुमडत राहिला. "त्या काळी सगळेच असं करायचे, थर्झा."

"हो. पण गाडी तुमची होती."

डॉक्टर उगाच खोकले. पाद्रीबाईंनी मत घ्यायचं म्हणून घेतलं. तीन हात वर झाले. जेराल्डचा सगळ्यात आधी झाला होता. मग तो खाली बघूनच म्हणाला, "घर तुझं. मी तुझ्यासाठी काय करू सांग."

थर्झाने त्याचा विचार बसच्या थांब्यावरच करून ठेवला होता.

"मला आण," ती म्हणाली. "तुझ्या गाडीने. पुलावरून."

सप्टेंबरात जेराल्ड ट्रॅक्टरला गवताची गाडी जोडून ओढ्यापलीकडे गेला. कपाट चढलं, पलंग चढला, कोंबड्यांचं खुराडं चढलं. जेराल्डने ट्रॅक्टरवरची शेजारची जागा झाडून दिली.

"मी मागे बसणार," थर्झा म्हणाली.

"अगं, पोलीस मला धरतील. पडलीस-बिडलीस तर?"

"हळू चालव म्हणजे झालं. तुमच्या गाडीत आमची माणसं मागेच बसतात."

जेराल्डने तिला हात देऊन वर चढवली आणि सीटखालून एक जाडजूड कांबळं काढलं, त्याच्या आईच्या वेळचं, लोकरीचं, कडेला निळा पट्टा. ऊन चांगलं पडलं होतं, थंडीचं नाव नव्हतं. तरी त्याने ते तिच्या गुडघ्यांवर घातलं आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचलं. थर्झाने घालू दिलं.

पूल आला. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालला होता. कितीतरी महिन्यांनी थर्झा एका जागी गप्प बसली होती, हात कांबळ्याखाली. हद्दीचा दगड गेला, गिरणीच्या भिंती गेल्या. चर्चच्या दाराशी मेव्हिस आणि दहाबारा माणसं उभी होती, मीही होतो. टाळ्या वाजवाव्यात की टोप्या काढाव्यात हे कुणालाच कळेना, म्हणून आम्ही नुसतेच उभे राहिलो.

तिसऱ्या घरापुढे जेराल्डने इंजिन बंद केलं आणि थर्झाला उतरवून घेतली. खाली पाय टेकल्यावर तिने कांबळं झटकलं, चौपदरी घडी केली आणि त्याच्यापुढे धरलं.

जेराल्डने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"नाही," तो म्हणाला. "ते परत न्यायचं नाहीये."