नऊ वर्षं माळ्यावर

"बाबा, काका आपल्याकडे कधीच का येत नाही हो?"

मित्रांनो, हा प्रश्न घरात विचारायची आमच्या घरच्या पोरीची छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पोरीनं सकाळी सकाळी विचारून टाकला! बाबांचा ब्रश तोंडातच थांबला. "त्यालाच विचार," म्हणून ते बेसिनकडे वळले. माळ्यावरच्या पिशवीत मी मात्र शहारलो. उत्तर मला ठाऊक होतं.

मी एक जुना, मुठीत मावणारा स्टोव्ह आहे. डोक्याशी घडी होणारे तीन हात, खाली पितळी मान. गॅसच्या छोट्या डब्यावर मला फिरवून बसवलं, की मी निळा फुलतो. कारखान्यातल्या एका बाईनं माझ्यावर फुंकर मारून, "जा, दमलेल्यांना चहा पाज," म्हणत मला खोक्यात ठेवलं होतं.

तो चहा प्यायले बाबा आणि काका. दोघे भाऊ, एकच पातेलं, दर सुट्टीला नवा डोंगर! "हा आपला तिसरा भाऊ," असं काका म्हणायचा. तेव्हा मी किती फुगायचो!

शेवटच्या सहलीआधी काकानं मला घासून लख्ख केलं. पिशवी बाबांनी भरली. घाईत त्यांनी गॅसनं भरलेल्या डब्याऐवजी संपलेला डबा घातला. दिसायला दोन्ही सारखेच. वर गारठ्यात मी पेटेना.

"साफ करताना तूच वाट लावलीस!" बाबा ओरडले.

"मग बस त्याला घेऊन!" काका एकटाच डोंगर उतरला.

डबा हलवून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. मला तोंड असतं तर!

मग माळा. नऊ वर्षं. शेजारी तोच रिकामा डबा. खाली हसण्याचे आवाज यायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या. मला कुणी हाक मारली नाही.

पोरीनं तो प्रश्न विचारला, त्या दिवशी वीज जाऊन दोन दिवस झाले होते. विजेची शेगडी थंड पडलेली.

"पाव खाऊन खाऊन जीव विटला," आई म्हणाली.

"माळ्यावर स्टोव्ह आहे ना?" पोरीनं विचारलं.

"भंगार आहे तो. ऐनवेळी दगा देतो," बाबा म्हणाले.

पण ऐकेल ती पोरगी कसली! मला आणि डब्याला घेऊन तिनं सहलीच्या सामानाचं दुकान गाठलं.

दुकानदार म्हणाला, "डबा कानाशी हलव. काही खळखळतंय?"

"छे, काहीच नाही."

"मग स्टोव्ह बिचारा काय जाळणार, स्वतःचं डोकं?"

घरी येऊन तिनं मला गॅलरीत मांडलं. आईनं वाऱ्याला ताट आडवं धरलं. नवा डबा, एक काडी, आणि फुर्र! मी पेटलो, मित्रांनो!

बाबा आले. त्यांनी जुना डबा कानाशी हलवला. पुन्हा हलवला. खाली बसले.

"म्हणजे त्यानं काहीच बिघडवलं नव्हतं..."

"नऊ वर्षं हो," आई हळूच म्हणाली.

मित्रांनो, एखादी वस्तू अडली, तर तिला माळ्यावर टाकण्याआधी नीट बघा. कधी कधी तिच्यासोबत एखादं माणूसही अडगळीत पडतं.

चहा उकळला. पोरीनं कप भरले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रविवारी मी काकाकडे चाललेय. स्टोव्ह माझ्या पिशवीत. रिकामा डबा मात्र, बाबा, तुम्ही घ्यायचा."